साहेब येणार आहेत!

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ चा संप झाला आणि गिरणीचे दार त्यांना पुन्हा उघडले नाही. ते सांगतात, फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचा असला की जॉबर आदल्या दिवशीच खात्यातून फिरून जाई. मग जमिनीवरचे तेलकट डाग पुसले जात, नाकाला बांधायची फडकी वाटली जात आणि कुरकुरणारा साचा त्या दिवसापुरता बंद राही. साहेब येत, चालता चालता खाते पाहत आणि जात. दुसऱ्या दिवशी फडकी परत गोळा होत.

मी महापालिकेच्या शाळेत शिकलो. तिथेही ‘तपासणी’ हा सणच असे. फळ्याच्या कडेला रंगीत खडूने सुविचार, हुशार मुले पहिल्या बाकावर, आणि ज्यांना वाचता येत नसे अशा तिघाचौघांना बाई आदल्या दिवशी मायेने सांगत, “उद्या नाही आलात तरी चालेल.” मी वाचणाऱ्यांत होतो. त्यामुळे त्या वयात मला त्यात काही वावगे वाटले नाही. घरी राहिलेल्यांना काय वाटले, हे मी कधी विचारलेच नाही.

गिरणीतला माणूस पाळी संपली की चाळीत परत येई. शाळेतले मूल संध्याकाळी आईजवळ जाते. परंतु ज्या मुलाला जायला दुसरे घरच नाही, त्याच्या त्या एकुलत्या एका घराची तपासणीही अशीच होत असेल तर? हा प्रश्न मला पुस्तकाने शिकवला नाही. आमच्या चाळीतल्या एका मित्राने शिकवला.

तो माझ्याच वयाचा. वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आई खानावळीत पोळ्या लाटायला जाई. रात्री अकराला परत. मुलाला सांभाळणार कोण? शेवटी बाल कल्याण समितीच्या आदेशाने तो एका बालगृहात गेला. गणपतीत आणि दिवाळीत घरी येई. बालगृहात असतात ती सगळी अनाथ मुले, असा आपला समज असतो. तो खरा नाही. आई किंवा बाप जिवंत असलेली, पण गरिबीने घरापासून सुटलेली मुले तिथे असतात.

त्या बालगृहाबद्दल तो कृतघ्नपणे बोलत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. तिथे दोन वेळचे जेवण होते, तिथूनच तो दहावी झाला, आणि तापात रात्रभर उशाशी बसणारी एक मावशी तिथे होती. परंतु एक गोष्ट त्याने मला गेल्या वर्षी, म्हणजे अकरा वर्षांनी सांगितली. रात्री दहानंतर मोरी-संडासाच्या दाराला कुलूप लागे. मुले रात्री पळून जाऊ नयेत म्हणून. लहान मुले अंथरूण ओले करीत आणि सकाळी त्याबद्दल मार खात. तपासणीला साहेब येत ते सकाळी अकराला. तेव्हा कुलूप काढलेले, फरशी धुतलेली, कपाटातल्या नव्या चादरी खाटांवर अंथरलेल्या. याचे अक्षर चांगले म्हणून याला ऑफिसात रजिस्टरे आखायला बसवीत; तेव्हा त्याने शेरेबुकात वाचले होते, “स्वच्छता समाधानकारक.”

“साहेबांनी तुम्हांला काही विचारलं नाही?” मी म्हणालो.

“विचारलं की. सगळ्यांना रांगेत उभं करून. जेवण चांगलं मिळतं का? आम्ही म्हणालो, हो. कुणी मारतं का? आम्ही म्हणालो, नाही. अधीक्षक बाजूलाच उभे होते. साहेब जेवायला घरी जाणार, आम्हांला रात्री तिथंच झोपायचं होतं.”

मित्रहो, माझे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे. मूल ज्या तपासणीत निर्भयपणे बोलू शकत नाही, ती तपासणी नव्हे. तो पाहुणचार होय.

कायदा याबाबत मुका आहे असे मात्र कुणी समजू नये. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ५४ नुसार प्रत्येक जिल्ह्यात तपासणी समिती असली पाहिजे. तिने मुलांच्या प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून निदान एकदा भेट दिली पाहिजे. भेटीला किमान तीन सदस्य हवेत, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी हवा. अहवाल आठवड्यात आणि त्यावरची कारवाई महिन्यात व्हावयास हवी. बाल कल्याण समितीनेही महिन्यातून किमान दोन तपासणी-भेटी द्यावयाच्या आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांवरची जबाबदारी वाढविली. २०१६ च्या आदर्श नियमांनी तर सूचनापेटी कुठे टांगावी तेही सांगितले आहे : ऑफिसपासून दूर, मुलांच्या झोपण्याच्या खोल्यांजवळ. हा नियम लिहिणाऱ्याला मुलाचे मन कळत होते, असे मला वाटते.

मग उणीव कुठे राहते? ती राहते कागद आणि मूल यांच्यामधल्या अंतरात. रजिस्टर, साठा-वही, हजेरी, वैद्यकीय तपासणीचे कार्ड ही सारी तपासता येतात, कारण ती बोलत नाहीत आणि घाबरतही नाहीत. मुलाला बोलते करायला वेळ लागतो, आणि वेळेचा रकाना कोणत्याच नमुन्यात नसतो.

या अंतराची किंमत काय पडते, हे आपण पाहिले आहे. पनवेलजवळ कळंबोली येथील गतिमंद मुलींच्या आश्रमातील अत्याचार २०११ मध्ये उघडकीस आले, ते मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या पाहणीतून. २०१३ मध्ये संस्थाचालक दोषी ठरला. बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवासगृहात तीसहून अधिक मुलींवर अत्याचार झाले. ते बाहेर आले २०१८ मध्ये, आणि बाहेर काढले ते आपल्या मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने. त्यांनी राज्यातल्या शंभराहून अधिक संस्थांची पाहणी केली होती. त्यांच्या हातात पोलिसी अधिकार नव्हते. ते मुलींशी बोलले, एवढेच. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरविले. त्यांत जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारी होता आणि बाल कल्याण समितीवरची माणसेही होती! ज्यांनी तपासायचे तेच गुन्ह्यात. मग शेरेबुकात ‘समाधानकारक’ याखेरीज दुसरे काय येणार?

आणि हे काही केवळ आपल्याच गरीब देशात घडते असेही नाही. इंग्लंडमध्ये मुलांच्या संरक्षणाचे काम स्थानिक नगर परिषदांकडे आहे आणि त्यांची तपासणी ‘ऑफस्टेड’ ही वेगळी संस्था करते. लंडनच्या हॅरिंगे भागात ऑगस्ट २००७ मध्ये पीटर नावाचे सतरा महिन्यांचे मूल घरातल्या छळाने मेले. ते परिषदेच्या देखरेखीखालच्या मुलांच्या यादीत होते. तरीही त्याच वर्षी तिथल्या बालसेवांना ‘चांगले’ असा शेरा मिळाला होता, कारण तो बराचसा परिषदेनेच पुरविलेल्या आकड्यांवर बेतलेला होता. २००८ च्या अखेरीस माणसे प्रत्यक्ष जाऊन बसली तेव्हा गंभीर दोष सापडले. आज तिथे तपासनीस मुलांची प्रकरणे वाचतात, मुलांशी व समाजसेवकांशी बोलतात आणि अहवाल छापून जाहीर करतात. त्याने सारे दोष गेले असे नाही. पण परिषदेचा शेरा कोणताही नागरिक वाचू शकतो. आपल्या उमरखाडीच्या किंवा मानखुर्दच्या मुलांच्या गृहाला शेवटचा शेरा काय मिळाला, हे तुम्हांआम्हांला सहज वाचता येते का?

उमरखाडीचे नाव घेतले म्हणून एक गोष्ट आठवते. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते. बाहेर आल्यावर आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिले. आतल्या माणसाने आतले सांगावे, याचा तो आपल्या भाषेतला मोठा दाखला. १९२४ साली मुंबईत मुलांचा कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि तुरुंगाच्या त्याच जुन्या वास्तूत पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले. भिंती त्याच. फरक इतकाच की आगरकरांपाशी लेखणी होती आणि वाचणारा महाराष्ट्र होता. दहा वर्षांच्या मुलापाशी काय आहे? १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्याच शहरात सुरू झाली, हे भूषणावह आहे. पण आतल्या मुलाने तो नंबर फिरवायचा कुणाच्या टेबलावरून?

यावर आक्षेप येतील. मुले अतिशयोक्ती करतात, सूड म्हणूनही बोलतात, असे म्हटले जाईल. करीत असतील. म्हणून तर चौकशी असते. पण न ऐकताच खोटे ठरविणे ही चौकशी नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : काळजीवाहकांची संख्या अपुरी, पगार तुटपुंजा, आणि वर तपासणीचा धाक, चांगली माणसे टिकतील कशी? हे मला पटते. त्या कुलपामागेही रात्रपाळीला एकच माणूस होता, असे मित्रच सांगतो. पण खऱ्या तपासणीने नेमके हेच वर कळविले असते : कुलूप काढा आणि रात्रीचा दुसरा माणूस द्या. खोट्या शेऱ्याने मुलांचा घात होतो तसाच त्या मावशीचाही होतो, कारण जिथे सारे समाधानकारक असते तिथे कुणी काही मंजूर करीत नाही. मुलांची नावे उघड होतील, हा तिसरा आक्षेप. कायद्याने ती उघड करण्यास मनाई आहे आणि ती असलीच पाहिजे. नावे झाकून अहवाल छापता येतो.

मला सुचते ते साधे आहे. भेट न कळविता व्हावी, आणि कधी तरी रात्री दहानंतर व्हावी. मुलांशी बोलताना संस्थेचे कुणीही जवळ नसावे. बालगृहात वाढून बाहेर पडलेला एखादा तरुण समितीबरोबर असावा. कुलूप कुठे शोधायचे ते त्याला ठाऊक असते. अहवाल मराठीत जाहीर व्हावा आणि मुलांनाही वाचून दाखवावा. आणि तोच माणूस पुन्हा यावा. हे शेवटचे माझे नव्हे. मी मित्राला विचारले होते, “एकट्याला विचारलं असतं तर सांगितलं असतंस?” तो विचार करून म्हणाला, “पहिल्या वेळी नाही. तोच माणूस परत आला असता, आणि मधे मला कुणी मारलं नसतं, तर सांगितलं असतं.”

आता थोडे आपल्याविषयी. आपणही महाविद्यालयातर्फे बालगृहांत जातो. स्वातंत्र्यदिनाला बिस्किटे, दिवाळीला फराळ. मुले रांगेत उभी राहतात, गाणे म्हणतात, आपण टाळ्या वाजवून तासाभरात परततो. मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, “तुमच्यासाठीपण चादरी काढायचे.”

तेव्हापासून बिस्किटांचा पुडा हातात घेताना मला अवघडल्यासारखे होते. यंदा जायचे असेल तर एकाच दिवशी तीसजणांनी जाऊ नये. रीतसर परवानगी घेऊन दोघांनीच जावे, वर्षभर जावे, गणित शिकवायला जावे, आणि तेच दोघे पुन्हा पुन्हा जावेत. माझे नाव मी आजच देतो. दुसरे कोण येते?

— द्वितीय वर्ष, कला