मिनी प्रोजेक्टला खेळ का नको?

थर्ड इयर आलं की दरवर्षी तीच यादी निघते. लायब्ररी मॅनेजमेंट, पेरोल, हॉस्टेल मॅनेजमेंट... सीनियरचा पेन ड्राइव्ह आणायचा, पहिल्या पानावरची नावं बदलायची, स्पायरल बाइंडिंग केलं की झालं! सरांनाही माहीत, आपल्यालाही माहीत. त्यापेक्षा ग्रिडवरचा एखादा कोड्याचा खेळ बनवायला दिला तर काय बिघडतं?

'पझलस्क्रिप्ट' नावाचं फ्रेमवर्क आहे. स्टीफन लॅवेल यांनी २०१३ साली काढलं. फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. हिरोयुकी इमाबायाशी यांचा १९८२ चा 'सोकोबान' घ्या. गोदामातला माणूस खोकी ढकलत खुणेच्या जागी नेतो. ओढू मात्र शकत नाही, आणि एका वेळी एकच खोकं. पझलस्क्रिप्टमध्ये याचा मुख्य नियम एका ओळीत बसतो : खेळाडू खोक्याच्या दिशेने सरकला की खोकंही तिकडेच सरकतं. लेव्हल म्हणजे टाइप केलेल्या चिन्हांचं चित्र. अन्डू, रीस्टार्ट आयतं!

"मग यात तुम्ही काय केलं?" असं सर विचारणारच. आणि प्रश्न बरोबर आहे. ढकलाढकली फ्रेमवर्क करतं, पण लेव्हल कोण सुचवणार? कोपऱ्यात गेलेलं खोकं मेलं, हे कुणालाही कळतं. सलग भिंतीला दोन खोकी शेजारी-शेजारी चिकटली तर तीही गेलीच, हे मात्र कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय दिसत नाही. सोकोबान 'पीस्पेस-कम्प्लीट' आहे हे जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलंय. थिअरीच्या पेपरासाठी आपण घोकतो तो शब्द बरं का!

म्हणून अट एकच ठेवा. ग्रुपने पाच लेव्हल स्वतः रचाव्यात आणि त्या सुटतात हे दाखवणारा सॉल्व्हर सी मध्ये लिहावा. ग्रिडला ॲरे, ब्रेड्थ फर्स्ट सर्चला क्यू, पाहून झालेल्या स्थितींना हॅश टेबल. डेटा स्ट्रक्चर्सचा निम्मा सिलॅबस इथेच उरकला. छोटी लेव्हल पीसी निभावून नेतो. खोकी वाढवली की मेमरी संपते, आणि मग मेलेली खोकी आधीच ओळखून त्या वाटा छाटायची अक्कल झक मारत येते.

व्हायवाही सोपी. एक्स्टर्नलनी एक खोकं एक घर सरकवावं आणि विचारावं, "आता सुटेल का?" लेव्हल ज्याने रचली तो दोन मिनिटांत सांगेल. पेन ड्राइव्हवाल्याने पाणी प्यायला जायची परवानगी मागावी.