चाकोरीबाहेरचं तिसरं चाक

मित्रांनो, आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटचा. मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला. पण हा लेख इंग्लिशमध्ये लिहिला असता तर माझ्या मामांना वाचता आला नसता, आणि माफी तर त्यांचीच मागायची आहे.

मामांकडे तीनचाकी टेम्पो आहे. शेतातून टोमॅटोचे क्रेट डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे, एवढंच त्याचं काम. मध्ये काळ्या मातीची गाडीवाट आणि एक ओढा. मागच्या पावसाळ्यात गाडी सारखी रुतायची. मी सेकंड इयर ऑल क्लिअर, त्यामुळे हवेत! होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत काढलेल्या तीनचाकी यूएस-९० चे फोटो होस्टेलवर पाहिले होते. काय ते फुग्यासारखे टायर! मी म्हटलं, "मामा, आठची रिम काढा, दहाची टाका." भाचा इंजिनिअर होणार म्हणून त्यांनी लेथवाल्याकडून डिस्क वेल्ड करून घेतल्या.

आता हिशोब बघा, जो मी तेव्हा केला नाही. ४.००-८ टायरचा व्यास ढोबळमानाने ८ + ४ + ४ = १६ इंच. ४.५०-१० चा १९. गाडी दीड इंच उचलली गेली, मी खूष. पण इंजिन तेच, गिअर तेच. म्हणजे चाकाची जमिनीवरची ओढ १६/१९ झाली, सुमारे १६ टक्के कमी. ड्रम तोच, म्हणून ब्रेकची पकडही तेवढीच कमी. वर तीनचाकी, भरलेली, आणि आता उंच. ओढ्याच्या चढावर ती थांबली, मागे आली आणि आडवी झाली. मामांचं मनगट मोडलं. महिनाभर प्लास्टर. मामा एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

नंतर वाचलं की अमेरिकेतही कंपन्यांनी सरकारशी करार करून १९८८ मध्ये अशा नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. कारणांत उलटण्याचे अपघात होतेच. फोटोत हे दिसत नाही.

खरा धडा गावातल्या मिस्त्रींनी दिला. ते म्हणाले, "टायर मोठा कशाला? मडगार्डात जागा मोठी पाहिजे." काळी माती टायरला चिकटते आणि मडगार्डात गच्च बसते. मोठा टायर टाकून मी तीच जागा खाल्ली होती. दुसरं म्हणजे, बैलगाडीची दोन्ही चाकं चाकोरीत चालतात. तीनचाकीची मागची दोन चाकोरीत आणि पुढचं मधल्या वरंब्यावर! म्हणून पुढच्या टायरला बाजूची पकड हवी, नुसती रुंदी नको. तिसरं, हवा. चाकावर १५० किलो आणि ३० पीएसआय असेल तर टायर साधारण ११ चौरस इंच टेकतो. २० वर आणलं की साडेसोळा. रिम न बदलता, फुकटात! मात्र हे चिखलापुरतं आणि कमी मालावर. डांबरीवर येताच हवा भरायची, नाहीतर टायर तापतो, ट्यूब सरकते आणि व्हॉल्व्ह उपटतो.

माझं मत सांगतो, सरांनीही रागावू नये. आपल्या प्रोजेक्टमध्ये टायर आधी ठरतो, कारण तो फोटोत भारी दिसतो. कॅलक्युलेशन नंतर, व्हायव्हाच्या आदल्या रात्री, उत्तर जुळेपर्यंत. क्रम उलटा हवा. आधी माल किती, मग माती कोणती, मग गिअर आणि ब्रेक. त्यानंतर तिन्ही चाकांना एकच स्टेपनी चालेल का आणि तो टायर तालुक्याला मिळेल का. दिसणं शेवटी.

मामांनी आठच्याच रिम परत बसवल्या, खोल नक्षीचे टायर घेतले आणि खेपेला दहा क्रेट कमी केले. गाडी अजूनही कधी कधी रुतते. पण परवा फोनवर म्हणाले, "रुतली तरी निघते रे. तू ये सुट्टीला."

जाणार आहे. या वेळी टेप आणि प्रेशर गेज घेऊन, आणि सल्ला देण्याआधी विचारायला.