सोयाबीन आपलेच, रस्सा कोणाचा?

दसऱ्याच्या सुमारास निलंग्याच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू झाली की आपल्या आडत्यांना जेवायलाही उसंत नसते. मूठभर दाणे तळहातावर घेऊन ओलावा, माती, डागी दाणा पारखण्यात ज्यांची हयात गेली, अशा घरांतील किती जणांच्या ताटात तो दाणा कधी आला असेल? आपल्याकडे सोयाबीन हा माल आहे, अन्न नव्हे. तेल गिरणीवाल्याचे आणि पेंड बहुतांशी कोंबडीखाद्याची. (त्या पेंडीचा हिशेब अहिंसेच्या खातेवहीत कोणत्या पानावर मांडावा, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो; पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

जपानमध्ये मात्र याच दाण्यावर सारे स्वयंपाकघर उभे आहे. दाण्याचे दूध काढून ते साकळवले की तोफू, गव्हासोबत महिनोन्‌महिने आंबवून गाळले की शोयू नावाचा काळा रस, मीठ घालून मुरवले की मिसो. आणि कोवळ्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या की एदामामे. आपण पौषात तुरीच्या शेंगा उकडून खातो, तसाच प्रकार. या चारही गोष्टी आता पंचतारांकित हॉटेलांत मोठ्या किमतीला मिळतात. मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये मासाहारू मोरिमोतो या नामवंत जपानी बल्लवाचार्यांच्या नावाने ‘वासाबी’ हे उपाहारगृह २००४ साली सुरू झाले. जपानच्या पारंपरिक भोजनसंस्कृतीला २०१३ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. चाकण, रांजणगाव, सुपे येथील औद्योगिक वसाहतींत जपानी कंपन्या आहेत आणि आपल्या आडतदुकानांतील मुले अभियंते होऊन तेथे नोकरीला लागली आहेत. तेव्हा हा विषय निलंग्यापासून वाटतो तितका दूर राहिलेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने आम्हा उभयतांना पुण्यातील अशाच एका उंची उपाहारगृहात नेले. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही आणि अशी ठिकाणे संध्याकाळी सात वाजता दारे उघडतात. म्हणून दुपारची वेळ ठरली. शांत दालन, लाकडाची गुळगुळीत मेजे, आवाज न करता वावरणारे सेवक. प्रथम एदामामे आले. वाटीभर शेंगांचे करांसह सातशे रुपयांच्या आसपास झाले. त्या हंगामात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यावर तेवढाही मिळत नव्हता. हमीभावाने धरले तरी त्या वाटीच्या पैशांत चौदा किलो दाणा आला असता. बँकेतील सवय जात नाही, आकडे आपोआप मांडले जातात. शेंगा मात्र चविष्ट होत्या, हे मान्य केले पाहिजे.

मग मिसो सूप आले. यादीत त्यापुढे हिरवा ठिपका होता. मी विचारले, “याचे पाणी कशाचे?” सेवक म्हणाला, “शाकाहारीच आहे, सर.” मी पुन्हा विचारले, “ते खरे; पण पाण्यात आधी काय उकळले होते?” तो आत गेला आणि मुख्य आचारी स्वतः बाहेर आले. गृहस्थ प्रामाणिक होते. त्यांनी सांगितले, की सूप शाकाहारी ग्राहकाचे असेल तर त्यात मासळीचा तुकडा घालत नाहीत; पण मूळ रस्सा सकाळी एकाच मोठ्या भांड्यात होतो आणि तो सर्वांना तोच.

पुतण्याने चमचा खाली ठेवला. “काका, कंपनीच्या साहेबांबरोबर मी दीड वर्ष हेच सूप पितोय,” एवढेच तो म्हणाला. त्याची काकू काही बोलली नाही. तिने सूपाच्या तिन्ही वाट्या मेजाच्या कडेला सारल्या आणि शेंगांची वाटी त्याच्यापुढे ओढली. बराच वेळ तो शेंगा नुसत्याच सोलत राहिला.

त्या रस्स्याला ‘दाशी’ म्हणतात. कोम्बू नावाचे वाळवलेले समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांचा तो अर्क. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो जातीची मासळी उकडून, धुरावून, लाकडासारखी टणक होईपर्यंत वाळवतात आणि सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर तिचे पातळ काप काढतात. काप पाण्यात मुरवले की रस गाळून घेतात. गाळल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही, वासही सौम्य असतो. हा रस नुसत्या सूपात नसतो. तळलेल्या भाजीसोबतच्या चटणीपाण्यात, तोफूखालच्या रस्सेदार थरात, शिजवलेल्या वांग्यात, शेवयांच्या वाडग्यात तो असतो. जपानी आचाऱ्याच्या लेखी दाशी हा वेगळा पदार्थच नाही. आपल्या फोडणीच्या तेलासारखी ती गृहीत धरलेली गोष्ट आहे. त्यामुळे ‘यात मासळी आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर तो कसलीही लबाडी न करता देऊ शकतो.

आता हिरव्या ठिपक्याविषयी. मासळीचा अर्क असलेल्या पदार्थाला तो ठिपका लावणे उघड चूक आहे, त्यात शंका नाही. परंतु तो बरोबर लावलेला असला तरी आपले काम भागत नाही. कायद्याच्या व्याख्येत कांदा, लसूण, बटाटा, अळंबी शाकाहारी, मधही शाकाहारी. आणि मद्य? जपानी स्वयंपाकात मिरिन व साके ही तांदळाची मद्ये आपण गूळ-चिंच वापरावी तितक्या सहजतेने घालतात, आणि तीही वनस्पतिजन्यच. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांचा आरंभ. त्यातील दोन गोष्टी ठिपक्याच्या आड खुशाल बसू शकतात.

कंदमुळांचा भाग तर पानोपानी. ताटाच्या कोपऱ्यातील गुलाबी काप म्हणजे मुरवलेले आले. हिरवी झणझणीत गोळी म्हणजे वासाबी. तो खरा असेल तर पाणथळीतला कंद, आणि पुष्कळ ठिकाणी असतो तसा नकली असेल तर रंगवलेले दुसरे मूळ. पिवळे लोणचे मुळ्याचे. कोन्न्याकू नावाची पारदर्शक वडी आपल्या सुरणाच्या सख्ख्या भावंडाची. मिसोमध्ये मासळी नसली तरी कोजी नावाची बुरशी चढवल्याशिवाय तो होत नाही, आणि मर्यादेचा विचार करणाऱ्या घरात महिनोन्‌महिने मुरलेला पदार्थ चालण्याचा प्रश्नच येत नाही. मग उरते काय? साधा भात, काकडीची गुंडाळी, ताजा तोफू, शेंगा आणि हिरवा चहा. पाच-सात हजारांच्या बिलाला हे थोडे वाटते खरे. पण आचाऱ्याला आदल्या दिवशी दूरध्वनीवरून नीट कल्पना दिली तर तो बरेच काही करतो. कोम्बूच्या नुसत्या पाण्यातही तो चव आणू शकतो. चवीसाठी मासळी लागतेच असे नाही, हे जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्येच दाखवून दिले होते. त्यांनी चवीचा तो घटक, ग्लुटामेट, कोम्बूतूनच वेगळा काढला होता.

अशा ठिकाणी ‘ओमाकासे’ म्हणून एक पद्धत आहे. अर्थ असा की ‘तुमच्यावर सोपवले’; आचारी देईल ते खायचे. रसिक लोक त्यात धन्यता मानतात. मानोत बापडे. कोऱ्या धनादेशावर सही करू नये असे ज्याने पस्तीस वर्षे खातेदारांना बजावले, त्याच्याकडून ते होणे नाही.

जपानी माणसाला आपले नियम विचित्र वाटतील, अशी भीती मुलांना वाटते. ती अनाठायी आहे. त्या देशात तेन्मू सम्राटाने इ. स. ६७५ मध्ये वर्षातील काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी घातली होती. मासळी त्या यादीत नव्हती, म्हणून ती स्वयंपाकघरात टिकून राहिली. पुढे १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि जुने संकेत मोडले. मठांतून मात्र ‘शोजिन र्‍योरी’ हे भोजन चालू राहिले. त्यात मांस नाही, मासळी नाही, कांदा-लसूणही वर्ज्य. एइहेइजी मठाचे संस्थापक दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्यासाठी स्वतंत्र उपदेशग्रंथ लिहिला. मुळा, कमळकंद आणि अळंबी त्या ताटात असतात, म्हणून ते आपले ताट नव्हे. पण शेजारचे घर म्हणावे इतके जवळचे आहे. कोबे शहरात मोत्यांच्या व्यापारासाठी स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनी १९८५ साली संगमरवरी जिनमंदिर उभारले, तेही याच देशात.

पुतण्याने पुढे महाराजांकडे जाऊन प्रायश्चित्त घेतले. नंतर कंपनीतील दुभाषिणीकडून त्याने जपानी भाषेत एक कार्ड लिहून घेतले. ‘मांस नको’ एवढेच त्यात नाही. कात्सुओबुशीचा रस, मिरिन, साके, आले, मुळा, कांदा, लसूण, अंडे, अळंबी, सारे नावानिशी आहे. त्याच्या जपानी साहेबांनी ते लक्षपूर्वक वाचले. घरातील श्राद्धदिनी आपली आजी असेच जेवण करीत असे, असे ते म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, की आले चालत नाही तर तुमच्या प्रत्येक भाजीत हळद कशी? उत्तर न सुचल्याने त्याने घरी दूरध्वनी केला. ओली हळद आणि वाळवलेली हळद, आले आणि सुंठ यांतील भेद त्याची काकू त्याला अर्धा तास समजावून सांगत होती, आणि पलीकडे तो ते इंग्रजीत उतरवून घेत होता.