शादीपूरची पन्हळ

पहाटे चारला नळ फुरफुरतो. आधी नुसती हवा, मग दोन उचक्या, मग गढूळ धार आणि पाचेक मिनिटांनी स्वच्छ पाणी. नवरा उठून टाकीत पाइप सोडतो, मी स्वयंपाकघरातली भांडी भरायला घेते. दीड तासाने नळ जातो, तोवर बाहेर लख्ख उजाडलेलं असतं. मग आम्ही दोघं चहाचे कप घेऊन मागच्या पायरीवर बसतो. पाणी भरून झाल्यावरच्या त्या चहाची चव पुण्यात मला कधी कळली नव्हती.

आम्ही पोर्ट ब्लेअरला राहतो. सप्टेंबर २०२४मध्ये सरकारने या शहराचं नाव श्री विजय पुरम केलं. रिक्षावाल्याला दोन्ही नावं कळतात, आणि माझ्याही तोंडात अजून जुनंच बसलं आहे. जून २०२२मध्ये माझी इथे बदली झाली. बँकेतल्या कुणालाही ही बदली नको होती. मलाही नको होती. नाही म्हणायचं पत्र मी लिहून ठेवलं होतं. ते वाचून नवरा एवढंच म्हणाला, "जाऊया की. मी येतो."

त्याने चाकणच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पाळीत काम केलं. रात्रपाळी संपवून तो दारात यायचा तेव्हा मी चपला घालत असायची. आमचा संसार असा उंबरठ्यावर भेटण्याचा. बाकीचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून चालायचं: मटकी भिजवली आहे, गॅस नोंदवला, मुलाची फी भरली. भांडण करायलाही रविवार गाठावा लागे. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि चिठ्ठ्यांचे विषयही संपत आले. त्याच सुमारास ही बदली आली. त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आम्ही चार बॅगा घेऊन निघालो.

इथे आल्यावर सगळ्यात आधी बदलला तो दिवस. घड्याळ भारताचंच, पण सूर्य त्या घड्याळाचं ऐकत नाही. पुण्यापासून हे शहर एकोणीस रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य इथे सव्वा तास आधी येतो आणि सव्वा तास आधी जातो. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. मी बँकेतून निघते तेव्हा रस्त्यावर दिवे लागलेले असतात. पहिले दोन महिने मला हा अंधार खायला उठायचा. पुण्यात जी वेळ संध्याकाळच्या चहाची, ती इथे जवळजवळ रात्र. करायचं काय एवढ्या लांब रात्रीचं?

हळूहळू उत्तर सापडलं. सातला जेवायचं, जेवून एबर्डीन बाजारातल्या घंटाघरापर्यंत चालत जाऊन यायचं आणि नऊला अंथरुणाला पाठ टेकायची. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि रोज रात्री एका ताटलीतली चटणी दोघांनी खाण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याला बोलायला आवडतं हे मला माहीत नव्हतं. लहानपणी गावाच्या नदीत तो बुडता बुडता वाचला होता, हेही मला इथे कळलं.

गावाची नदी म्हणजे माणगंगा. नवरा साताऱ्याच्या माण तालुक्यातला, दुष्काळाच्या मुलखातला. तिथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक ते वर्ष चांगलं मानतात. इथे साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो. मे ते डिसेंबर, नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस जातो न जातो तोच परतीचा येतो. माणच्या माणसाला वाटलं, आता पाण्याची ददात कायमची मिटली. मार्च आला आणि नळ तीन दिवसांतून एकदा यायला लागला.

हे कोडं त्याने स्वतःच उलगडलं. बेट अरुंद, डोंगर उभे, ओढे आखूड. पडलेलं पाणी काही तासांत समुद्राला जाऊन मिळतं. साठवायला मोठी जागा म्हणाल तर मुख्यतः धनीखाडीचं धरण. जानेवारी ते एप्रिल आभाळ कोरडं आणि नेमका तोच पर्यटकांचा हंगाम. चारही बाजूंना पाणी, पण तोंडात घेण्याजोगं त्यातलं काहीच नाही. "आमच्याकडे नसतं म्हणून जपतात," तो म्हणाला, "इथे पडतं म्हणून जाऊ देतात."

आमचं घर शादीपूरच्या उतारावर, पत्र्याच्या छपराचं. त्या एप्रिलमध्ये त्याने बाजारातून सहा इंची पीव्हीसी पाइप आणले आणि अंगणात बसून उभे चिरले. चाकणला आयुष्यभर लोखंड कापलेला हात, प्लॅस्टिकला काय दाद देणार? छपराच्या कडेने त्याने पन्हळ लावली. एका टोकाला बोटभर उतार, त्या टोकाला कोपर, कोपराखाली जाळी, जाळीखाली वाळू, कोळसा आणि खडीचा पिंप, आणि पिंपातून नळी थेट टाकीत. पहिल्या सरीचं पाणी पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं, म्हणून ते बाहेर सोडायला वेगळी तोटी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पाऊस आला. पत्र्यावर असा आवाज की शेजारी बसून बोललेलं ऐकू येईना. आम्ही दोघं विजेरी घेऊन अंगणात गेलो. पागोळ्या पन्हळीत उतरत होत्या, कोपराशी पाणी घुटमळत होतं आणि मग एकदम घरंगळत खाली जात होतं. पहिली तोटी बंद करून त्याने दुसरी उघडली आणि टाकीत धारेचा जाड आवाज सुरू झाला. तो भिजत उभा राहिला आणि टाकीच्या अंगाला हात लावून पाणी कुठवर आलं ते चाचपत राहिला. "आई असती तर," तो म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही.

त्याच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण या बेटाने घेतलेली किंमत तिथे आहे. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात सासूबाई गेल्या. दुपारी चारला फोन आला. त्या दिवशीची विमानं गेलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई, तिथून पुणे, पुण्याहून गाडी करून आम्ही घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती आणि सगळं आटोपून एक दिवस उलटला होता. मुलाला आईचं तोंड दिसलं नाही. हजाराहून जास्त किलोमीटर समुद्र मध्ये असणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं. निळं पाणी आणि पांढरी वाळू बघून इथे राहायला यायचं स्वप्न रंगवणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा. जहाजाने गेलात तर चेन्नईला पोचायला तीन दिवस लागतात. घरी म्हातारं माणूस असेल, तर हा हिशेब निघायच्या आधी मांडावा.

परत आलो तेव्हा शेजारच्या नानी आमच्या दारात भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या आहेत. "तुम्हारे घर में चूल्हा नहीं जलेगा आज," म्हणाल्या. घरात दुःख असताना चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण आणायचं, ही रीत माझ्या आजोळीही होती. नानींचं घराणं इथलं, त्यांच्या शब्दांत 'लोकल'. त्यांनीच मला शादीपूरची गोष्ट सांगितली.

१० मार्च १८५८ रोजी उठावानंतरच्या धरपकडीतले दोनशे कैदी घेऊन पहिलं जहाज इथे आलं. पुढे देशभरातून जन्मठेपेचे कैदी येत राहिले, काही बायकाही आल्या. ठरावीक वर्षं भोगून वागणूक चांगली राहिली, तर कैद्याला जमिनीचा तुकडा मिळे आणि लग्नाची परवानगी. पुरुष आणि बायका समोरासमोर उभे केले जात, दोघांची पसंती जमली की साहेबापुढे नोंद होई. अशी लग्नं झालेल्यांची जिथे घरं झाली, ते शादीपूर, असं इथले लोक सांगतात. नानींचे पणजोबा पंजाबकडचे, पणजी दक्षिणेची. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. जात कुणी विचारली नाही, विचारून उपयोगही नव्हता. दोघांनी मिळून तोडकीमोडकी हिंदुस्थानी धरली, आणि त्यांच्या मुलांची तीच मातृभाषा झाली. आज बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडचे, मलबारचे, असे सगळे या बेटावर एकमेकांशी ज्या हिंदीत बोलतात, तिची मुळं अशा घरांत आहेत.

ते ऐकल्यापासून मला आमच्या चार बॅगांचं कौतुक वाटेनासं झालं. आम्ही परतीचं तिकीट काढता येईल अशा काळात, पगारावर आलो. त्या दोघांना परतीची वाट नव्हती, एकमेकांचं नावही आदल्या दिवशी ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी उतारावर घर बांधलं, नारळ लावले, पोरं वाढवली. नानींच्या अंगणातल्या एका माडाची शहाळी आम्ही आजही पितो.

नानींनी आणखी एक रोप दिलं, बर्मा धनियाचं. लांब, जिभेसारखं पान, कडेला करवतीचे दात, आणि वास आपल्या कोथिंबिरीच्या दुप्पट उग्र. मुख्य भूमीवरून येणारी कोथिंबीर बाजारात पोचेपर्यंत निम्मी काळी पडलेली असते. आता माझ्या आमटीत हेच पान पडतं. ज्वारीचं पीठ मात्र महिनाभरही टिकत नाही, दमट हवेत त्याला कुबट वास येतो. म्हणून सुट्टीहून येताना ज्वारी आणायची आणि लागेल तशी मिक्सरवर दळायची. भाकरी जराशी जाडसर होते, तरी तो रोज मागून घेतो.

मुलाशी बोलणं सुखाचं झालं आहे. १० ऑगस्ट २०२०ला चेन्नईहून समुद्राच्या तळातून आलेली सुमारे २,३०० किलोमीटरची केबल सुरू झाली. त्याआधी सगळं उपग्रहावर अवलंबून होतं, आणि फोनवर चेहरा दिसणं नशिबाचं, असं शेजारी सांगतात. आता मुलगा रोज रात्री विचारतो, "बाबांची टाकी किती भरली?"

समुद्र घेतोही. वंडूरला जाताना रस्त्यात सिप्पीघाट लागतं. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपात इथली जमीन सुमारे मीटरभर खचली आणि भाताच्या खाचरांत खारं पाणी शिरलं. ते परत गेलंच नाही. बांध कुठे होते ते पाण्याखाली अजून ओळखू येतं. नवरा पहिल्यांदा तिथून जाताना गाडी थांबवून उतरला. शेत कोरडं पडून गेलेलं त्याने पाहिलं होतं, पाण्याने गेलेलं पहिल्यांदाच पाहत होता.

माझी इथली मुदत दोन वर्षांची होती. ती संपली तेव्हा मी स्वतः अर्ज करून वाढवून घेतली. पुण्यातल्या मैत्रिणी कारण विचारतात. कारण सांगते. इथे दिवसाचा उजेड मोजून मिळतो, पाणी मोजून मिळतं, जहाज मोजून येतं. जे मोजून मिळतं ते दोघांनी मिळून जपावं लागतं. एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने तोटी फिरवायची. पुण्यात आमच्याकडे सगळं भरपूर होतं, म्हणून एकमेकांची गरज लागत नव्हती. सत्तावीस वर्षांनी आमचा संसार पाण्याच्या टाकीपाशी सुरू झाला, असं मी मनापासून म्हणते.

मराठी माणसं इथे मोठ्या संख्येने येतात. ४ जुलै १९११ला सावरकर ज्या तुरुंगात आले, त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून जिथे होते, त्या सेल्युलर जेलसमोर चपला काढून उभ्या राहणाऱ्या आयाबाया मी पाहिल्या आहेत. त्यांना पाहून माझेही डोळे भरून येतात. जरूर या. कोठडी पाहून झाली की अर्धा तास काढून शादीपूरच्या उतारावरून एक फेरी मारा. इथे शिक्षा भोगलेल्या माणसांनी घरं वसवली, तीही पाहण्यासारखी आहेत. आणि हंगाम फेब्रुवारी-मार्चचा असेल, तर हॉटेलात शॉवर सोडून बादलीने अंघोळ करा. तुमच्या खोलीत येणारं पाणी याच डोंगरांवरून येतं, आणि उतारावरच्या घरांत कुणीतरी त्याच पाण्यासाठी पहाटे चारला उठलेलं असतं.