बाधा नव्हे, अमोनिया!

आमच्या रायगडच्या किनारपट्टीवर, उरणपासून श्रीवर्धनपर्यंत, एखादा कर्ता माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपू आणि रात्री जागू लागला, घरच्यांना ओळखेनासा झाला, की "याला बाहेरचे लागले" असे म्हणणारे अजून भेटतात. मग भगत येतो, अंगारा येतो, उतारा टाकला जातो. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या समाजाच्या काही घरांतही हे दबक्या आवाजात चालते, हे लिहिताना आम्हाला खेद होतो.

अशी लक्षणे अनेक आजारांत दिसतात. पण ज्याचे यकृत, म्हणजे लिव्हर, आधीच खराब झालेले आहे, त्याच्या बाबतीत एक कारण विज्ञानाने उलगडून ठेवले आहे. ते कारण पिंपळावर नसून पोटात असते.

आपण डाळ, मासळी, अंडी, मटण खातो. त्यांतील प्रथिने पचून अमिनो आम्ले नावाचे लहान लहान घटक तयार होतात. त्यांतील बहुतेक लहान आतड्यात शोषले जातात आणि त्यांतून आपले स्नायू व रक्त घडते. जे शिल्लक राहते ते मोठ्या आतड्यात उतरते. तेथे जिवाणूंची एवढी मोठी वस्ती असते की, त्यांची संख्या आपल्या शरीरातील पेशींच्या तोडीस तोड भरते. हे जिवाणू उरलेली अमिनो आम्ले फोडतात. त्यातून काही हितकारक पदार्थ निर्माण होतात. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून होणारे काही पदार्थ आतड्याचे अस्तर मजबूत राखण्यास मदत करतात. काही त्रासदायकही असतात. टायरोसिनपासून होणारा पी-क्रेसॉल मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याच्या रक्तात साठून राहतो. आणि या फोडाफोडीत अमोनियाही बाहेर पडतो. काही अमोनिया आतड्याच्या पेशी स्वतःही तयार करतात.

निरोगी माणसाला याची जाणीवही होत नाही. आतड्यातले रक्त प्रथम यकृतात जाते. यकृत अमोनियाचे युरियात रूपांतर करते आणि युरिया लघवीवाटे निघून जातो. यकृत आक्रसून कडक झाले, म्हणजे सिरॉसिस झाला, की हा पहारा ढिला पडतो. अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोहोचतो आणि माणूस भरकटल्यासारखा वागू लागतो. १८९३ साली रशियात पावलॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्यांतील रक्त यकृताला वळसा घालून नेले. त्या कुत्र्यांना मांस खाऊ घालताच त्यांचे वागणे बिघडले. त्या कुत्र्यांना कोणती बाधा झाली होती, हे भगतांनी सांगावे!

यावर उपचार आहे. लॅक्ट्युलोज नावाचे गोड पातळ औषध १९६६ पासून या आजारात वापरात आहे. ही साखर आपल्याला पचत नाही, जिवाणूंना पचते. ते तिचे आम्ल करतात, त्या आम्लात अमोनिया अडकतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला व्हावे, इतपत मात्रा डॉक्टर ठरवून देतात. "जुलाब होतात" म्हणून हे औषध परस्पर बंद करू नये. बद्धकोष्ठ, ताप, जंतुसंसर्ग, काळे शौच (म्हणजे पोटात रक्तस्राव) आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या, यांनी हा झटका ओढवतो. हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितल्यावर ते पंखासारखे फडफडले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

पूर्वी अशा रोग्याची डाळ-मासळी तोडत. आज डॉक्टर तसे सांगत नाहीत, कारण स्नायूही अमोनिया जिरवतात आणि उपाशी माणसाचे स्नायू झडतात. आपल्याकडचे वाल, पावटा, कुळीथ, मूग यांतील प्रथिने अशा रोग्याला चांगली सोसतात. त्यांच्याबरोबर येणारा चोथा जिवाणूंना दुसरे अन्न पुरवतो. मग ते अमिनो आम्लांवर कमी तुटून पडतात. हा नियम धडधाकट माणसालाही लागू आहे. म्हणून ताटात नुसता पांढरा भात आणि मासळी नको. नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि अलिबागचा पांढरा कांदा असू द्यावा. रोग्याने रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाऊन घ्यावे. पोटात पाणी झालेल्याने मात्र खारवलेली सुकी मासळी टाळावी, तिच्यात मीठ फार असते.

यकृत बिघडले की लोक एकदम दारूकडे बोट दाखवतात. दारू हे मोठे कारण आहेच, आणि पाचवे शील मोडल्याची किंमत आमच्या माता-भगिनी मोजत आहेत. परंतु कावीळ ब आणि क, मधुमेह व लठ्ठपणाबरोबर येणारी यकृतातील चरबी यांनीही सिरॉसिस होतो. म्हणून रोग्याला दूषण देत बसू नये, तपासणी करून घ्यावी.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे हा त्यान्वये गुन्हा आहे. पण कायदा घरात येऊन उंबरठ्यावरचा भगत अडवणार नाही. तो आपणच अडवला पाहिजे. तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला. कारण शोधा, म्हणजे उपाय सापडतो, हेच त्याचे सार आहे.

वाचकहो, आपल्या वस्तीत असा रोगी असेल तर त्याला आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्या. बुद्धविहारातील रविवारच्या बैठकीत हा विषय दहा मिनिटे तरी घ्या. भगताला द्यायचे पैसे रिक्षाभाड्याला पुरतात.

जयभीम!