अण्णांचे आत्मवृत्त आणि जयंतीचा तक्ता

18 एप्रिल ही महर्षी धोंडो केशव कर्वे यांची जयंती. दापोली तालुक्यातल्या मुरुडला या दिवसाचे अप्रूप अंमळ जास्तच. अण्णांचा जन्म आजोळी शेरवलीला झाला, पण गाव मुरुडच. जयंतीच्या आदल्या दिवशी शाळाशाळांतून काय चालते हे सर्वांना ठाऊक आहे. गुरुजी किंवा बाई मोबाइलवर नाव टाकतात, पहिला दिसेल तो फोटो उतरवून घेतात, त्यावर कुणाचा वॉटरमार्क असलाच तर तेवढा भाग कापतात, की तक्ता तयार. भाषण कुठल्या तरी ग्रुपवरून येते. फोटो कुणाचा, मजकूर कुणाचा, याची चौकशी करायला वेळ कुणाला आहे?

गंमत अशी की कर्व्यांच्या बाबतीत या उचलेगिरीची गरजच उरलेली नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. अण्णा 9 नोव्हेंबर 1962 रोजी गेले. म्हणजे 1915 चे ‘आत्मवृत्त’ आणि 1936 चे इंग्रजी ‘लुकिंग बॅक’ ही दोन्ही पुस्तके 1 जानेवारी 2023 पासून मोकळी झाली आहेत. सरकारी प्रकाशनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे अण्णांच्या जन्मशताब्दीला, 1958 साली टपाल खात्याने काढलेल्या पंधरा नये पैशांच्या तिकिटावरचा कॉपीराइटही 2018 अखेर संपला. तक्त्याला याहून चांगले चित्र कुठले हवे? याच तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी 1950 साली गेले; त्यांनी हयातीत छापलेले सगळे 2011 पासूनच सर्वांचे आहे.

मोकळे म्हणजे किती मोकळे? सहावीच्या परीक्षेसाठी अण्णा 1875 साली मुरुडहून साताऱ्याला भर पावसात, शंभरावर मैल पायी गेले आणि वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. हा प्रसंग त्यांच्याच शब्दांत घेऊन त्याचे नाटुकले करावे, चौथीच्या मुलांसाठी सोपे करावे, मुलांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावे, छापून विकावे. कुणाला अर्ज नको, कुणाचा हुकूम नको. एकच पथ्य पाळायचे: नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठ दुसऱ्यांची असतात, त्यांना हात लावायचा नाही.

हयात लेखकांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. लेखणीवर पोट असणाऱ्याला त्याचे मानधन मिळालेच पाहिजे. पण वर्गात शिकवण्यासाठी शिक्षकाने केलेल्या प्रतींना कायद्याच्या 52 व्या कलमात सूट आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या खटल्यात 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सवलतीचा अर्थ बराच सैल लावला. मात्र तोच धडा, तीच चित्रे व्हिडिओत घालून यूट्यूबवर चढवली की तो वर्ग उरत नाही, आणि नेमकी हीच रेषा आमचे उत्साही शिक्षक रोज ओलांडतात.

त्यासाठी मुक्त परवान्याचे साहित्य आहे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे परवाने 2002 साली आले, ‘विकिमीडिया कॉमन्स’ हे चित्रांचे भांडार 2004 पासून चालू आहे. तिथे प्रत्येक चित्राच्या पानावर ते कुणी काढले आणि कोणत्या अटीवर दिले हे लिहिलेले असते. ‘सीसी बाय’ असेल तर नाव द्या आणि घ्या. पुढे ‘एसए’ असेल तर फेरफार करून तुम्ही जे बनवाल तेही त्याच अटीवर इतरांना खुले ठेवा. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नाही, ‘एनडी’ म्हणजे फेरफार नाही. गुगलच्या चित्रशोधातही परवान्यानुसार चाळणी लावता येते, पण ती सापडायला दोन बोटे जास्त फिरवावी लागतात. गोष्टींसाठी ‘प्रथम बुक्स’चे ‘स्टोरीवीव्हर’ 2015 पासून आहे. तिथली मराठी गोष्ट मुरुडच्या बोलीत उतरवून पुन्हा तिथेच ठेवता येते.

आता कॉमन्सच्या भांडारात ‘मुरुड’ शोधून पाहा. पुढे येतो तो रायगडातला जंजिरा. मुरुड नावाचे एक गाव लातूरकडेही आहे. आमचे दुर्गादेवीचे देऊळ, सुपारीच्या बागा, हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव यांचे फोटो इथल्या प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलमध्ये शेकड्यांनी असतील, पण ते स्टेटसला चोवीस तास राहतात आणि जातात. त्यातले चार चांगले फोटो मराठी नावानिशी, मराठी वर्णनासह कॉमन्सवर ठेवले तर परभणीच्या बाईंना कोकणचा धडा शिकवताना केरळचे माड दाखवावे लागणार नाहीत. विद्यार्थी असताना अण्णा सोमण मास्तरांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांना देवळात वर्तमानपत्र वाचून दाखवत. हे त्याच जातीचे काम आहे आणि यात पायपीटही नाही. मुलांचे चेहरे मात्र यातून कटाक्षाने वगळावेत; तिथे परवानगी पालकांची लागते.

शिक्षकांना एवढे सांगितल्यावर सरकारला सोडून कसे चालेल? बालभारतीची पुस्तके पीडीएफच्या रूपात फुकट उतरवून घेता येतात, हे चांगलेच आहे. पण आत सर्व हक्क मंडळाकडे असल्याची आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत न करण्याची ताकीद कायम असते. त्याच पुस्तकातला क्यूआर कोड मुलांना ‘दीक्षा’ या सरकारी संकेतस्थळावर नेतो, आणि तिथल्या बऱ्याच साहित्यावर मुक्त परवाना असतो. एकाच पानावर हे दोन कायदे कशाला? गोवा विद्यापीठाने 2013 साली आपला कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली दिला. जनतेच्या पैशातून झालेली पाठ्यपुस्तके महाराष्ट्रालाही तशी देता येतील. कविता आणि उतारे हयात साहित्यिकांचे असतील ते खुशाल वगळावेत. नकाशे, आकृत्या, प्रयोगांची चित्रे आणि स्वाध्याय तरी पुढच्या छपाईपासून ‘सीसी बाय’खाली यावेत. त्यासाठी बदलायचा आहे तो पुस्तकाच्या दुसऱ्या पानावरचा एक परिच्छेद.