प्रतिकृती आणि औचित्य

जबलपूरजवळच्या भेडाघाटाचे चित्रपटीय चरित्र विचार करण्याजोगे आहे. ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) या चित्रपटात दिसणारे संगमरवरी कडे नर्मदेचे. नाव मात्र गंगेचे. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘मोहेंजो दारो’त (२०१६) याच परिसराने सिंधुसंस्कृतीला पार्श्वभूमी पुरविली. खरे स्थळदेखील पडद्यावर असे दुसऱ्या स्थळाचे सोंग घेत असेल, तर लघुप्रतिकृतीचे चित्रण करून ते संगणकनिर्मित परिसरात मिसळण्याला केवळ फसवणूक म्हणणे तर्काला धरून होत नाही.

वस्तुतः प्रश्न खऱ्याखोट्याचा नसून औचित्याचा आहे. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. येथेही अंगाअंगांचा मेळ हाच प्राण ठरतो. कड्याची प्रतिकृती मूळच्या एक-षोडशांश असेल, तर तिची पडझड सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटींनी टिपावी लागते. एरवी कोसळणारा कडा खेळण्यासारखा भासतो. प्रकाशाची दिशा आणि कॅमेऱ्याची गती दोन्ही चित्रांत जुळावी लागते. पाणी मात्र या हिशेबाला सहसा दाद देत नाही. प्रतिकृती लहान केली म्हणून थेंब त्या प्रमाणात लहान होत नाही. धुवांधार धबधब्याचे तुषार लहानशा हौदात मिळणे कठीण. तेव्हा खडक प्रतिकृतीचा आणि प्रवाह प्रत्यक्षातला किंवा गणिताने रचलेला, अशी विभागणीच अनेकदा उचित ठरते.

संगणकावर सारेच रचता येते, हवे तेव्हा बदलताही येते. ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. परंतु घडविलेल्या वस्तूवर प्रकाश खरोखर पडतो आणि तिचा खडबडीतपणा कोणाला कल्पावा लागत नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रत्रयीने (२००१–०३) भव्य प्रतिकृती आणि संगणकीय दृश्ये एकत्र नांदवून याचा प्रत्यय दिला.

दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो; पण आपली चित्रपटसमीक्षा अजूनही कथा, संवाद आणि गीते यांतच अधिक रमते. पडद्यावरचा कडा कोणी घडविला, हे ती क्वचितच विचारते. संहितेचे पाठभेद कसोशीने तपासणाऱ्या अभ्यासकांनी दृश्याचे सांधेही तसेच तपासले पाहिजेत. भेडाघाटच्या बाजारात मऊ दगडातून मूर्ती कोरणारे कारागीर आहेत. प्रमाण, पोत आणि छाया यांचे असे ज्ञान हातात वसते. त्याची नोंद झाली नाही, तर हातांबरोबर तेही जाईल.